लेग स्टंपच्या बाहेर

शांत्या,

काल रामकुंडावर तुझा दहावा झाला. आज सकाळी मैदानावर गेलो, तर फाटकालाच तुझा फ्लेक्स लटकवलेला. फोटो कुठून पैदा केला कोण जाणे. त्यात तुझ्या गळ्यात टाय आहे आणि तो टाय तुझा नाही हे रस्त्यावरूनही कळतं. खाली लिहिलंय, 'शांत, संयमी आणि मितभाषी खेळाडू.' मी वाचलं आणि मला हसू आलं. आपल्या क्लबातला गफूर शेजारी होता, त्याने मुकाट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कळलं की मी हसत नव्हतो.

तू आणि शांत. तुझं नाव शांताराम ठेवताना घरच्यांचा अंदाज साफ चुकला होता, हे आपल्या क्लबात नव्याने आलेल्यालाही पहिल्या रविवारी समजायचं. संयमी म्हणावं, तर पहिल्याच ओव्हरला पुढे सरसावून मारायची तुझी खोड कधी गेली नाही. राहता राहिलं मितभाषी. ते तू झालास खरा, पण शेवटच्या वर्षात, आणि तेही जीभ कापून काढली म्हणून.

फ्लेक्स लिहिणाऱ्या पोरांचा दोष नाही. मेलेल्या माणसाबद्दल असंच लिहायचं असतं, असं त्यांना वाटतं. मला तसं लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून मी लिहायला बसलोय.

आपला क्लब म्हणजे काय होतं? एक पत्र्याची खोली, तिच्यात फाटलेले पॅड, गंजलेला रोलर आणि ती काथ्याची मॅट. गवताचं पीच आपल्याला कोण देणार? मुरमाच्या पट्टीवर मॅट अंथरायची, कडेने खिळे ठोकून ताणायची आणि त्यावर खेळायचं. मॅट ठोकायचं काम तुझं. अंबडच्या कंपनीत फिटर होतास, आठवडाभर हातोडा-पाना करायचास आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा हातोडा घेऊन उन्हात बसायचास. मंगलवहिनी म्हणायच्या, "ह्यांना रविवारची पण ड्यूटी असते." दुसऱ्या कुणाच्या हातात हातोडा दिसला की तू तो काढून घ्यायचास. शेवटचा खिळा बसला की बूट काढायचे आणि मॅटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जायचं. कुठे सैल आहे ते तुझ्या तळव्यांना कळायचं. तिथे पुन्हा एक खिळा.

मी तसा खेळाडू कधीच नव्हतो. रविवार कारंज्याजवळ माझं चष्म्याचं दुकान, आणि खेळायची हौस असूनही जमत काहीच नव्हतं. तूच मला अंपायर केलंस. आपल्याकडच्या मॅचेसना बाहेरचे अंपायर मिळायचे नाहीत, त्यामुळे जी टीम बॅटिंग करते तिनेच दोन माणसं उभी करायची असा रिवाज. म्हणजे बॅट्समन आपला आणि अंपायरही आपलाच. त्यामुळे सगळ्या टीम एक गोष्ट न बोलता पाळायच्या. क्लीन बोल्ड झाला तर इलाज नाही, कॅच सगळ्यांना दिसला तर द्यावा लागतो, पण आपला अंपायर आपल्या माणसाला एलबीडब्ल्यू देत नाही. चेंडू पायावर आदळला, पाय मध्ये नसता तर स्टंपवर गेला असता, हे शेवटी अंपायरच्याच डोळ्यांवर असतं. आणि आपल्या माणसापुरते ते डोळे जरा मिटलेले असावेत अशी सगळ्यांची समजूत. क्लबाचा एक पांढरा कोट होता, कुठल्याशा कंपाउंडरकडून आणलेला. तो घालून मी उभा राहायचो. त्याच्या खिशात तुझी चुन्याची डबी असायची. ओव्हर संपली की तू येऊन माझ्या खिशात हात घालायचास. मी शिव्या दिल्या, एकदा डबी गटारात फेकलीही, तर पुढच्या रविवारी तू दोन आणल्यास.

वर्ल्ड कप आपल्याकडे झाला त्या वर्षीची ती सेमी फायनल. समोर ओझरकडची टीम. तू रात्रपाळी करून थेट मैदानावर आलास, अंगाला कंपनीतल्या ऑइलचा वास. उशीर झालेला, ती टीम टॉससाठी खोळंबलेली, तरी हातोडा तुलाच हवा. भराभर खिळे मारलेस आणि उठलास. मी म्हटलं, "शांत्या, चालून बघ." तू म्हणालास, "तू तुझे चष्मे बघ."

दुपारी आपली बॅटिंग. आघाडीचे सगळे आउट होऊन परतलेले, तू एकटा उभा आणि जिंकायचं तर तुझ्याच जोरावर. तू छान खेळत होतास. मी समोर उभा होतो आणि अंपायर असूनही मनातल्या मनात तुझ्यासाठी देव आठवत होतो. त्यांचा एक मध्यम गतीचा बोलर होता, काही विशेष नाही. त्याचा चेंडू मॅटवर पडला तो उसळलाच नाही. मॅटवर चेंडू छातीपर्यंत येतो, हा सरपटत आला आणि तुझ्या घोट्यावर बसला. तू मधल्या स्टंपसमोर उभा होतास. बोलरने अपील केलं तेही सवयीने, अर्ध्याच आवाजात. मिळणार नाही हे त्यालाही माहीत होतं.

माझं बोट वर गेलं.

विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित गेलं नसतं. पण मला जे दिसलं त्यावर हात गेला. तो बोलरसुद्धा नाचला नाही, माझ्याकडे बघत राहिला. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. बॅट काखेत घेतलीस, मान खाली घातलीस, ग्लोव्हज काढत निघालास. माझ्याजवळून जाताना थांबलास, कोटाच्या खिशात हात घालून डबी काढून घेतलीस आणि गेलास. मॅच आपण हरलो.

सोमवारी दुकान उघडतोय तोवर तू दारात. हातावर तंबाखू मळत म्हणालास, "लेग स्टंपच्या बाहेर होता." म्हणजे आउट नव्हताच.

त्यानंतर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. गणपतीच्या आरतीला भेटलास तरी, माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला बसलास तरी. अनोळखी माणसाशी माझी ओळख करून द्यायची असली की, "हे अरुणशेठ. चष्म्याचं दुकान आहे, पण स्वतःला लावत नाहीत." मग त्या माणसाला सगळी मॅच पहिल्यापासून. मी ऐकून घ्यायचो आणि शेवटी एकच विचारायचो, "मॅट कोणी ठोकली होती?" की तू तंबाखू मळत राहायचास, ती ओठात सारायचास आणि दुसरा विषय काढायचास. पुढच्या भेटीत पुन्हा पहिल्यापासून.

बाकी भांडणं माणसांना तोडतात म्हणे. आपल्याला या भांडणाने धरून ठेवलं होतं. माझा स्कूटरवरून पडून पाय मोडला तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी तू रिक्षा घेऊन दारात यायचास. मला उचलून रिक्षात घालायचास आणि मैदानात स्क्वेअर लेगला खुर्ची टाकून बसवायचास. मी म्हणायचो, कशाला रे हा द्राविडी प्राणायाम, घरी पडून राहतो की. तर म्हणायचास, "पाय मोडलाय, डोळे शाबूत आहेत. म्हणजे जेवढे होते तेवढे." त्या आठवड्यांत मी घरी पडून राहिलो असतो तर खचलो असतो, हे तुला कळलं होतं. मी तुला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. तुझे आभार मानले असते तर तू ते सगळ्या क्लबाला नक्कल करून दाखवले असतेस.

सिंहस्थाच्या वर्षी आपल्या मैदानावर यात्रेच्या गाड्या लावल्या. महिना-दोन महिन्यांनी मैदान परत मिळालं तेव्हा त्यात चाकोऱ्या आणि खड्डे, पट्टीचं नाव नाही. सगळे म्हणाले, संपला क्लब. तू कामावरून आलास की एकटाच रोलर ओढायचास. आधी गफूर यायला लागला, मग मी, मग बाकीचे. पट्टी पुन्हा उभी राहिली. त्या पट्टीवर तू जेमतेम दोन हंगाम खेळलास.

मग त्या दुपारी तू दुकानात आलास. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणालास, "तुझी ती डोळ्यात मारायची बॅटरी आण. तोंडात बघ जरा. चुन्याने पोळलंय, भरून येईना." तू खुर्चीवर बसलास, जबडा उघडलास आणि मी बॅटरी मारली. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध खोल जखम. मी डॉक्टर नाही, पण मला कळलं. बॅटरी बंद केली तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. म्हणालास, "काय, आउट?" मी म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय, मी येतो." तू हसलास आणि सवयीने शर्टाच्या खिशाकडे हात नेलास, मग तो तसाच खाली घेतलास.

ऑपरेशन इथेच झालं. जीभ गेली, खालच्या जबड्याचा एक भाग गेला. नाकातून नळी. शुद्धीवर आलास तेव्हा तुझा आवाज गेलाय हे आम्ही सगळे जाणून होतो आणि तुला तो आवाज काढून बघताना पाहत होतो. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. तू दोनदा-तीनदा प्रयत्न केलास आणि मग पुन्हा कधीच केला नाहीस.

वहिनींनी पाटी-पेन्सिल आणून दिली. लिहायचा तुला पहिल्यापासून कंटाळा, पाटी उशाला पडून राहिली. त्याऐवजी तू काय काढलंस, तर अंपायरच्या खुणा. नातेवाईक येऊन अमक्या गावचा वैद्य, तमक्या झाडाचा पाला सांगायला लागले की तू दोन्ही हात आडवे पसरायचास. वाइड. वहिनींना वाटायचं तुला उठून बसायचंय, त्या धरायला धावायच्या. कुणी म्हणालं, काय धीराचा माणूस आहे, की गुडघा वर करून थोपटायचास. लेग बाय. म्हणजे रन मिळाली खरी, पण बॅटने नाही मिळाली. नळीतून दूध घालायचं पुरे झालं की दोन्ही हात गुडघ्यांपुढे खाली हलवायचास. डेड बॉल. मी वहिनींना एकेक खूण समजावून सांगितली. त्या पदराने डोळे पुसत शिकल्या. तेवढे दिवस घरात थोडं हसू होतं.

आणि त्याही अवस्थेत तू मला सोडलं नाहीस. मी दारातून आत आलो की डावा हात लेग साइडला झटकायचास. बाहेर होता. मी हातोडा मारल्यासारखं करायचो. तू मान फिरवायचास.

मग गळ्याला गाठ आली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मुंबईला नेऊन पुन्हा कापता येईल, उरलेला जबडा आणि मान. उपयोग होईल का, सांगता येत नाही. नाहीतर घरी ठेवा, दुखण्याची औषधं देऊ. नाना, तुझे थोरले भाऊ, लासलगावकडून आले ते गाडी सांगूनच. वहिनींनी पिशवी भरली. तू डेड बॉलची खूण केलीस. वहिनी म्हणाल्या, "असं करू नका हो. धीर सोडू नका." तू पुन्हा केलीस. त्यांनी तुझे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवले. त्यांना खूण कळत होती. कळत होती म्हणूनच त्यांनी हात धरले.

दोन दिवसांनी मी आलो तेव्हा वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. तू माझा उजवा हात ओढून घेतलास. माझी करंगळी मिटलीस, मग शेजारची दोन बोटं, मग अंगठा. पहिलं बोट तेवढं उघडं ठेवलंस आणि माझ्या कोपराला खालून वर ढकललंस.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "हे माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या बायकोला तू सांग, नानांना तू सांग. मी कोण?" तू माझ्याकडे बघत राहिलास. त्या सेमी फायनलला बॅट काखेत घेण्याआधी बघितलं होतंस ना, तसंच. मला राग आला तुझा. सगळं आयुष्य तू एका निर्णयासाठी मला फाडून खाल्लंस आणि आता दुसरा माझ्याचकडून मागत होतास. मी चहा न घेता निघून आलो.

रविवारी नाना मलाच बोलवायला दुकानात आले. चपलांना वावराची माती. म्हणाले, "अरुणभाऊ, आमी सांगून थकलो. तुमचं त्यो ऐकतो. तुमी फकस्त येवढं म्हना, चल मुंबईला. गाडी दारात उभी हाय."

मी त्यांच्याबरोबर आलो. तू भिंतीला टेकून बसला होतास, मफलर, कानटोपी, थंडी लय पडली होती त्या आठवड्यात. वहिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतास. तू माझ्या उजव्या हाताकडे बघत होतास.

मी म्हटलं, "नाना, तो येणार नाही. त्याला आता कापून घ्यायचं नाही. त्याला घरी राहू द्या."

"आसं कोन म्हनलं?"

"त्यानेच सांगितलं मला."

"त्याला बोलता कुठं येतंय?"

मी बोट वर केलं. त्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, मी हात सरळ वर धरून उभा राहिलो आणि तो खाली घ्यायचं मला सुचेना. तू शेजारची काठी उचललीस, काखेत धरलीस आणि मान खाली घातलीस.

नाना मटकन खाली बसले. "ह्यो काय खेळ हाय का रं," एवढंच म्हणाले आणि तोंडाला टॉवेल लावला. वहिनींनी ट्रे जमिनीवर ठेवला. सावकाश ठेवला, कप वाजलेसुद्धा नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या घरचं माणूस असतं तर असं बोट दाखवलं असतं तुम्ही?" गाडी दुपारी रिकामी परत गेली.

नंतरचे आठवडे तुला माहीत आहेत. मी यायचो, वहिनी दार उघडायच्या आणि आत निघून जायच्या. मी तुझ्याशेजारी बसायचो. तू खुणा कमी केल्यास, मग बंद केल्यास. लेग साइडला हात झटकायचाही थांबलास. मला वाटायचं, आता झटकशील, मग झटकशील. दुखणं औषधांना जुमानत नव्हतं, तू भिंतीचे पोपडे नखाने खरवडायचास आणि मी ते बघत बसायचो. ज्या मरणाचा मी निर्णय दिला होता ते सोपं नव्हतं, शांत्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुलाही नव्हतं सांगितलं. मी घरी जाताना रोज स्वतःला विचारायचो की मुंबईला हे कमी झालं असतं का, आणि रोज मला उत्तर माहीत नसायचं.

तू गेलास तेव्हा मी दुकानात एका बाईंचा नंबर तपासत होतो. फोन वाजला. मी त्यांना म्हटलं, खालची ओळ वाचा. त्यांनी ती सगळी वाचून दाखवली आणि मी बरोबर म्हणालो. मग फोन घेतला.

काल घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर होते, वरून फिरत होते, पण खाली कुणी येईना. नाना हात जोडून म्हणाले, तुझ्या पोरीचं शिक्षण आमच्याकडं. कावळा आला नाही. वहिनींची काळजी करू नको, म्हणाले. नाही आला. कंपनीतल्या कुणीतरी क्लब बंद पडू देणार नाही असं म्हटलं. ऊन चढत होतं. एवढ्यात गफूर माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, "अरुणभाई, बोल दे ना यार, नॉट आउट. त्याचा जीव तिथंच अडकलाय. काय जातंय तुझं?"

क्लबाची सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. नानांनाही कुणी सांगितलं असावं, तेही बघायला लागले. एवढं सोपं होतं. हात जोडून दोन शब्द म्हणायचे. अर्ध्या नाशिकने त्या घाटावर मेलेल्या माणसांना याहून मोठी खोटी आश्वासनं दिली आहेत. मी पुढे गेलोही. पण माझ्याने म्हणवेना. कारण तो पहिला निर्णय मी तुझ्या समाधानासाठी फिरवला, तर मग दुसरा कशाच्या आधारावर उभा राहणार? जे दिसलं ते दिलं, एवढंच माझ्याजवळ आहे. त्यातलं एक खोटं निघालं तर दुसरंही गेलं. मी पिंडासमोर उभा राहिलो आणि तसाच मागे आलो. गफूरने मान फिरवली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.

लोक जेवायला निघाले तेव्हा मी पायऱ्यांवर बसून होतो. वहिनी आल्या. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक सांगू का? त्या मॅचवरून तुमच्याशी एवढे भांडायचे ना, घरी कधी एका शब्दाने भांडले नाहीत. घरी म्हणायचे, अरुणने दिलंय म्हणजे आउटच असणार. मॅट माझीच सैल राहिली. फक्त त्याला सांगू नको, म्हणायचे, नाहीतर बोलायला काही उरणार नाही."

मला वाटलं, सुटलो. वहिनींनी माफ केलं. मी हात जोडायला उठलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, रडतही नव्हत्या. "म्हणूनच सांगतेय. तुमच्या बोटावर त्यांचा एवढा भरवसा होता. ते तुम्हाला निरोप द्यायला सांगत नव्हते, भाऊजी. ते तुम्हाला विचारत होते. तुम्ही नॉट आउट म्हणाला असतात, तर ते गेले असते मुंबईला. खेळले असते."

आणि त्या पायऱ्या उतरून बायकांमध्ये गेल्या.

आज सकाळी मैदानावर गेलो तो घरी बसवेना म्हणून. पोरांनी मॅट ठोकली होती, वाकडी. मला कोट दिला. खिशात हात घातला तर खिसा रिकामा. मी कोट परत केला आणि दुकान उघडून हे लिहितोय.

वहिनी म्हणाल्या ते खरं असेल तर मला ते तूच सांगू शकतोस, आणि खोटं असेल तरी तूच. खोलीतल्या त्या काठीचा अर्थ तू निर्णय मान्य केलास असा मी घेतला. तो तसाच होता का रे? की अंपायरने दिलंय म्हणून मान खाली घालून निघालास, मनात बाहेर होता असं म्हणत? सेमी फायनललाही तू मैदानात एक शब्द बोलला नव्हतास. दुसऱ्या दिवशी दारात येऊन बोललास.

म्हणून मी सकाळपासून दाराकडे बघतोय. ये. हातावर मळत ये, मी आता शिव्याही देणार नाही. त्या मॅचबद्दल म्हण, नाहीतर त्या रविवारबद्दल म्हण, पण म्हण की लेग स्टंपच्या बाहेर होता. यावेळी मी मॅट कोणी ठोकली ते विचारणार नाही.